भाव तोंडी नको, कागदावर मागा



मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो, तेवढ्यात एक दादा जवळ येऊन उभे राहिले. हातात पिशवी आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली परातीएवढी लोखंडी चकती. म्हणाले, "भाऊ, ही क्लच प्लेट. नवी कोरी आहे. गाडीला बसत नाही आणि दुकानदार परत घेत नाही. तुम्ही कागदपत्राची कामे करता, काहीतरी करा."

दादा आमच्या धायरीतलेच. वीस-बावीस वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याबरोबर भागीदारीत जुना दहाचाकी टिपर घेतला. वहिनींनी बचत गटातून पैसे उचलले, मेहुण्याने नोकरी सोडताना मिळालेली रक्कम घातली आणि उरलेले फायनान्सवाल्याचे कर्ज. खडी, डस्ट, बांधकामाचा राडारोडा वाहतात. पूर्वी दुसऱ्याची हमाली करणाऱ्या घरात आज स्वतःच्या नावाचे आरसी बुक आहे, ही गोष्ट लहान नाही. म्हणून त्या पिशवीतल्या प्लेटकडे पाहून आमच्या पोटात कालवले.

झाले असे की क्लच गेला. मिस्त्री म्हणाला, प्लेट आणा, उद्या गाडी बाहेर काढतो. दादांनी तीन दुकानांना फोन लावला. तिघांनाही एकच प्रश्न : "हायवाची क्लच प्लेट कितीला?" तिघांनी तीन भाव सांगितले. सर्वांत स्वस्त दुकानात गेले, रोख पैसे मोजले, पावती मागितली नाही. मिस्त्रीने प्लेट शाफ्टवर चढवायला घेतली तर आतले दात जुळेनात. दुकानदाराचे उत्तर ठरलेले, "तुम्ही मागितले ते दिले. विकलेला माल परत होत नाही." नवीन प्लेट मिळेपर्यंत पाच दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली. हप्त्याची तारीख मात्र पुढे सरकत नाही.

आमच्या वाचकांत टिपर चालवणारे बरेच आहेत, त्यांनी एक लक्षात घ्यावे. आपण सगळे दहाचाकी टिपरला सरसकट 'हायवा' म्हणतो. पण हायवा हे हौदा उचलणाऱ्या हायड्रोलिक जॅकच्या कंपनीचे नाव आहे. मूळची ती नेदरलँड्सची. ट्रक टाटाचा असेल, अशोक लेलँडचा असेल, आणखी कोणाचा असेल, त्याच्या मागे जॅक हायवाचा लागलेला असतो. तेव्हा 'हायवाची क्लच प्लेट' म्हणणे म्हणजे गावाचे नाव न सांगता तिकीट मागण्यासारखे आहे. कंडक्टर तिकीट देईल, पण ते कुठले?

दादांचे काय चुकले ते आम्ही त्यांना तिथेच पायरीवर बसून सांगितले, कारण आम्ही पेशाने कारकून असून आमची बरीचशी नोकरी खरेदीच्या कागदांत गेली आहे. मोठ्या वाहतूक कंपनीत सुटा भाग हवा असला तर कोणी फोनवर भाव विचारून धावत सुटत नाही. चौकशीपत्र निघते. तोच मजकूर, त्याच दिवशी, तीन-चार दुकानदारांना जातो. उत्तरे लेखी येतात, ती एका तक्त्यात मांडली जातात आणि मग ऑर्डर दिली जाते. हे सारे शंभर गाड्यांच्या मालकासाठी आहे, एका गाडीवाल्याला कोण विचारतो, असे दादा म्हणाले. आमचे म्हणणे उलट आहे. शंभर गाड्यांच्या मालकाची एक प्लेट वाया गेली तर त्याला पत्ताही लागत नाही. एका गाडीवाल्याची गेली तर घरातल्या पोराची क्लासची फी थांबते. त्यालाच या कागदाची जास्त गरज आहे.

आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या समाजाने नीट ध्यानात घ्यावे. तोंडी भाव माणूस बघून सांगितला जातो. कपडे कसे, घाई किती, मिस्त्री बरोबर आहे की नाही आणि कधी कधी नाव-आडनाव काय, यावर आकडा वरखाली होतो. सगळे दुकानदार असे नसतात. पण बाजार जातीपासून मोकळा आहे असे समजण्याइतके भोळे आपण नाही. परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून १९१७ साली परतले. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले आणि व्यवसाय गुंडाळावा लागला. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर जगाने वाचावा असा ग्रंथ ज्यांनी लिहिला, त्यांच्या ज्ञानालाही बाजाराने माणूस बघून भाव लावला होता. चौकशीपत्रावर चेसिस नंबर असतो, मालाचे नाव असते, तारीख असते. ते वाचणाऱ्याला एवढेही ठाऊक असते की हाच कागद आणखी दोघांकडे गेलेला आहे. मग तो आपोआप हात राखून आकडा लिहितो.

आता कागदात काय लिहायचे?

आधी गाडीची ओळख. कंपनी, मॉडेल, उत्पादनाचा महिना-वर्ष, चेसिस नंबर, इंजिन नंबर. हे सगळे आरसी बुकात आहे. चेसिस नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि तो पूर्ण लिहायचा, शेवटचे पाच आकडे लिहून भागत नाही. लिहिताना एक खूण सांगून ठेवतो. आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे या नंबरात वापरतच नाहीत. तेव्हा गोल दिसले तर ते शून्य समजावे आणि उभी काडी दिसली तर एक. टाटाच्या गाडीचा नंबर एम-ए-टी ने सुरू होतो, अशोक लेलँडचा एम-बी-एक ने. चेसिस नंबर एवढा महत्त्वाचा का, तर एकाच नावाच्या मॉडेलला निरनिराळ्या वर्षांत निरनिराळे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवलेले असतात. बाहेरून दोन गाड्या जुळ्या भावांसारख्या दिसतात, पण एकीची क्लच प्लेट दुसरीला लागत नाही. दादांचे घोडे इथेच अडले.

मग गाडी बीएस-३, बीएस-४ की बीएस-६ हे लिहावे. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. इंधन पंप, फिल्टर, सायलेन्सरकडचे सेन्सर, यूरियाची टाकी या बाजूचे सामान मागताना हे लिहिले नाही तर चुकीचा माल आलाच म्हणून समजा. आणि बीएस-६ गाडीचा एखादा सेन्सर चुकीचा घेतला तर जो फटका बसतो त्यापुढे क्लच प्लेट काहीच नाही.

त्यानंतर मालाची ओळख. जुना नग काढला की फेकू नका आणि मिस्त्रीलाही भंगारात टाकू देऊ नका. तारेचा ब्रश मारून साफ करा, त्यावर खडू घासा. कोरलेला किंवा ठोकलेला नंबर पांढरा उठून दिसतो. तो नंबर लिहा, फोटो काढा. फोटो काढताना शेजारी टेप किंवा पट्टी ठेवा, म्हणजे समोरच्याला माप कळते. क्लच प्लेट असेल तर बाहेरचा व्यास आणि आतल्या दातांची संख्या. ब्रेक लायनर असतील तर पुढच्या ॲक्सलचे की मागच्या, आणि ड्रम लेथवर घासून घेतले असतील तर तेही, कारण मग ओव्हरसाईज लायनर लागतात. पाटा असेल तर पुढचा की मागचा, मेन पाटा की खालचा कितवा. ज्या भागांना डावा-उजवा असतो तिथे ड्रायव्हर बसतो त्या बाजूने डावा-उजवा ठरवावा. गाडीच्या समोर उभे राहून सांगितले की उलटे होते. आम्हीही एकदा नोकरीच्या सुरुवातीला असा उलटा आरसा मागवला होता आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

नग एकटा मागवायचा की जोडीने, हे मिस्त्रीला कागद लिहिण्याआधी विचारा. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, मजुरी तेवढीच पडते. तेव्हा प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांचाही भाव त्याच कागदात मागून ठेवावा. घ्यायचे की नाही ते नंतर ठरवता येते.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. माल कोणत्या प्रतीचा? बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. ट्रक कंपनीच्या स्वतःच्या पेटीतला, त्या कंपनीला माल पुरवणाऱ्याच कारखान्याने आपल्या नावाच्या पेटीत विकलेला, आणि लोकल. दुसऱ्या प्रकारात पुष्कळदा तोच माल कमी भावात मिळतो. प्रत न लिहिता भाव मागितला तर एक दुकानदार पहिल्याचा सांगतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून म्हणतो, हा महाग, तो स्वस्त! पेटीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. नुसत्या पिशवीत दिलेला माल कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

मडगार्ड, आरसा, दिव्याची काच लोकल घेतली तरी आमचे काही म्हणणे नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र आम्ही हट्टी आहोत. धायरी-नऱ्हे-वडगावच्या माणसाला नवले पूल वेगळा सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतचा तो उतार! नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने रांगेतल्या कितीतरी गाड्या चिरडत नेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच परिसरात पुन्हा माणसे दगावली. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडायची सवय काही ड्रायव्हर बंधूंना आहे. त्याने इंजिनाचा अडथळा जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. इंजिनच बंद केले तर हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो आणि दरवेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते. त्यात लायनर हलक्या प्रतीचे असतील तर पुढचे सांगायला नको. त्या रस्त्याने आपलीच पोरे कॉलेजला जातात. ब्रेकच्या चौकशीपत्रात 'लोकल चालेल' हे शब्द येता कामा नयेत, एवढे म्हणून पुढे जातो.

दादांसाठी जे पत्र तयार झाले ते असे. नंबराच्या जागा आम्ही मोकळ्या ठेवल्या आहेत.

महोदय,
आमच्या खालील वाहनासाठी सुटे भाग हवे आहेत. कृपया लेखी दर कळवावेत.
वाहन : दहाचाकी टिपर. कंपनी व मॉडेल ……. उत्पादन महिना व वर्ष ……. चेसिस नंबर ……. इंजिन नंबर ……. बीएस ……. गिअरबॉक्स …….
माल : क्लच प्लेट १ नग, जुन्या नगावरील नंबर ……, व्यास …… मिलीमीटर, आतील दात …… प्रेशर प्लेट १ नग. रिलीज बेअरिंग १ नग. जुन्या नगांचे फोटो सोबत आहेत.
प्रत्येक नगासमोर कृपया लिहावे : माल कोणत्या बनावटीचा, दर, जीएसटी धरून की वेगळा, माल दुकानात तयार आहे का, नसल्यास किती दिवसांत, पोच करण्याचा खर्च, वॉरंटी, जुना नग जमा केल्यास किती वजावट, वरील चेसिस नंबरच्या वाहनाला माल न बसल्यास परत घेणार का, हा दर किती दिवस लागू.
उत्तर …… तारखेपर्यंत मिळावे. पक्के बिल लागेल.

यातले 'वरील चेसिस नंबरच्या वाहनाला' हे शब्द कोणी गाळू नयेत. त्यामुळे माल बसेल की नाही हे तपासण्याची जबाबदारी दुकानदारावरही येते.

पत्र वहिनींनी लिहिले. त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत, पण अक्षर सुवाच्य आणि नजर बारीक. दादांनी घाईत इंजिन नंबराच्या जागी चेसिस नंबर आणि चेसिसच्या जागी इंजिन नंबर सांगितला होता. ते वहिनींनीच आरसी बुकावर बोट ठेवून पकडले. म्हणाल्या, "अहो, हा सतराचा नाही, मोजा की." मग मुलीने तिच्या मोबाईलवरून पत्राचा फोटो तीन दुकानांना पाठवला. एक नाना पेठेतले, एक निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरातले, एक जवळचे.

एकाने फोन करून सांगितले, "असे लिहूनबिहून काय विचारता? दुकानात या, बघून करू." त्याच्याकडे जाऊ नका, असे आम्ही सांगितले. दुसऱ्याने तासाभरात भाव पाठवला, तो सर्वांत कमी होता, पण बनावट लिहिली नव्हती आणि परत घेण्याबद्दल चकार शब्द नव्हता. तिसऱ्याने भाव देण्याआधी उलट प्रश्न केला, "गिअरबॉक्सवरच्या पट्टीचा फोटो पाठवा." पहिल्या दोघांना जे विचारावेसे वाटले नाही ते यालाच विचारावेसे वाटले. माल त्याच्याकडून घेतला. प्लेट पहिल्या फटक्यात बसली.

भाव समोरासमोर ठेवताना पायरी सारखी करून घ्यावी. समजा एकाने १०,००० रुपये अधिक जीएसटी लिहिले आणि पोच करण्याचे ३०० वेगळे. दुसऱ्याने सर्व धरून ११,२०० लिहिले. नजरेला पहिला स्वस्त वाटतो. १८ टक्के कर धरला की पहिल्याचे ११,८०० होतात आणि पोच धरून १२,१००. म्हणजे तो ९०० रुपयांनी महाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी पुष्कळ भागांवर २८ टक्के होता. कोणी जुना दर लावून कोटेशन दिले तर नम्रपणे विचारावे. माल कधी मिळणार हाही भावाचाच भाग आहे. पाचशे रुपये वाचवून गाडी दोन दिवस जास्त उभी राहिली तर ते पाचशे कुठे गेले ते वहिनींना विचारा.

पक्के बिल का, असेही दादांनी विचारले. कारण बिल नसेल तर ग्राहक आयोगापुढे उभे राहायला हातात काही राहत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही असे दुकानदार छातीठोक सांगतात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असे धरले जात नाही. एकच गाडी आणि ती स्वतः चालवणारा मालक या तरतुदीचा आधार घेऊ शकतो. शिवाय बिल न देणे हीच त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. चुकीच्या प्लेटचे पैसे दादांना मिळाले नाहीत, कारण देवाणघेवाण सगळी तोंडी होती आणि आम्हालाही त्यात काही करता आले नाही.

समाजातली काही मुले आता स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला आहेत, एक-दोघांनी स्वतःचे दुकानही टाकले आहे. त्यांना पलीकडच्या बाजूने सांगणे आहे. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा असे २०१२ चे खरेदी धोरण आहे. तो वाटा नुसत्या विक्रीच्या दुकानाला नव्हे, माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या उद्योगाला मिळतो; तो मिळवायचा तर उद्यम नोंदणी लागते, आणि दर भरायचे तर चौकशीपत्राची एक-एक ओळ वाचून उत्तर द्यावे लागते. 'दुकानात या, बघून करू' असे तिथे चालत नाही.

वरील नमुन्याच्या झेरॉक्स प्रती विहारात ठेवल्या आहेत. रविवारी वंदनेनंतर आम्ही तासभर बसतो. येताना आरसी बुक आणि जुन्या नगाचा फोटो आणावा. तेलकट नग स्वतः उचलून आणू नये, मागच्या वेळी सतरंजीला डाग पडला आणि महिला मंडळाने आमची झडती घेतली.

दादांची ती न बसलेली प्लेट अजून त्यांच्या घरी खाटेखाली पडून आहे. कोणाच्या गाडीला लागत असेल तर ती पडत्या भावात द्यायला ते तयार आहेत. मात्र व्यास आणि दात मोजून, चेसिस नंबरासह, लेखी कळवावे.